पडणारा प्रकाश आणि परतणारा प्रकाश

मुलखापासून दूर येऊन पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांतून दोन वस्तू हमखास जतन केलेल्या आढळतात. एक म्हणजे रुमालात बांधलेली जुनी कागदपत्रे आणि दुसरी म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे. कागदपत्रांविषयी आपण पुष्कळ बोलतो. छायाचित्रांविषयी बोलताना मात्र चित्रात कोण आहे, एवढेच विचारतो. त्या व्यक्तीवर प्रकाश किती पडावा, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे. स्टुडिओतील फ्लॅशचे मोजमाप आणि त्यावरचा ताबा छायाचित्रकाराच्या हातून निघून कॅमेऱ्याच्या पेटीत कसा गेला, याचा हा इतिहास. विषय यंत्राचा दिसला तरी त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो माणसाचा आहे, अशी आमची समजूत आहे.

आरंभी स्टुडिओला फ्लॅश नव्हता. होते ते काचेचे छप्पर आणि उत्तरेकडची खिडकी. आम्हा इंदूरकरांना राजा दीनदयाळ यांचे नाव परके नाही. रूर्कीच्या थॉमसन कॉलेजात शिकलेला हा तरुण १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर रुजू झाला, कॅमेऱ्याचा नाद त्याला येथेच लागला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आश्रय मिळाला. पुढे हैदराबादेत सहाव्या निजामाच्या दरबारी त्यांचे नाव झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला स्टुडिओ थाटला होता. या पिढीच्या कारागिरांचा मुख्य प्रकाश सूर्याचा. पडदा ओढावा, पांढरे कापड धरावे, आणि भिंगावरचे टोपण किती वेळ काढून ठेवावयाचे ते अनुभवाने ठरवावे, अशी रीत. मोजमाप होते ते डोळ्यांत आणि मनात.

कृत्रिम प्रकाशाचा शोध या काळातच चालू होता. मॅग्नेशियमची फीत जाळली असता लख्ख पांढरा प्रकाश पडतो, हे कळल्यावर १८६४ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स याने त्या उजेडात छायाचित्रे घेतली. दुसऱ्याच वर्षी पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदाने इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात हाच प्रकाश नेला. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅशची दारू तयार केली. तबकावर ती पसरून पेटवली की क्षणात भडका उडे, खोलीभर धूर कोंडे आणि छतावरून पांढरी राख खाली येई. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या जेकब रीस याने १८८८ पासून याच दारूच्या उजेडात जगापुढे आणल्या. असे करताना आगी लागल्याचेही त्याने नोंदवून ठेवले आहे. दारू किती घ्यावयाची ते चमच्याने ठरे. फ्लॅशचे पहिले प्रमाण हे असे स्वयंपाकघरातल्यासारखे चमचाभर किंवा दोन चमचे होते.

१९२९-३० च्या सुमारास जर्मनीत काचेचा बंद फ्लॅश-बल्ब निघाला आणि लवकरच तो इंग्लंड-अमेरिकेतही आला. प्राणवायूने भरलेल्या बल्बात ॲल्युमिनियमचा वर्ख एकदाच जळे आणि बल्ब फेकून द्यावा लागे. पण प्रत्येक बल्बाचा प्रकाश सारखाच असल्यामुळे प्रथमच हिशेब मांडणे शक्य झाले. त्यातून गाइड नंबर नावाची सोपी रीत रूढ झाली. प्रकाशाचा नियम असा की अंतर दुप्पट झाले तर उजेड चौपटीने घटतो. भिंगाच्या छिद्राचे आकडेही अशाच वर्गाच्या हिशेबावर बेतलेले असतात. म्हणून छिद्राचा आकडा आणि अंतर यांचा गुणाकार कायम राहतो. एखाद्या फ्लॅशचा गाइड नंबर ३२ असेल, तर चार मीटरवर बसलेल्या माणसासाठी एफ-८, आणि तोच माणूस दोन मीटरवर आला तर एफ-१६. या हिशेबात समोर कोण बसला आहे याला स्थान नव्हते. गोरा असो वा सावळा, पांढऱ्या धोतरात असो वा काळ्या कोटात, अंतर सारखे असेल तर प्रकाशही सारखा. ही गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

विजेच्या ठिणगीने चित्र घेण्याची कल्पना तशी जुनी. १८५१ मध्ये फॉक्स टॅल्बट याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फिरत्या चाकावर वर्तमानपत्राचे पान लावले, लायडन जारच्या ठिणगीत त्याचे चित्र घेतले आणि अक्षरे वाचता आली. ही कल्पना रोजच्या वापरात येण्यास मात्र हॅरोल्ड एजर्टन यांची वाट पाहावी लागली. अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेत १९३१ पासून त्यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा साठा क्षणात सोडण्याचे तंत्र सिद्ध केले. आजचा प्रत्येक इलेक्ट्रॉनिक फ्लॅश याच कुळातला. कपॅसिटर ही विजेची टाकी. ती सावकाश भरते आणि नळीतून एका क्षणात रिकामी होते. टाकीत वीज किती, ते ज्यूल या मापाने सांगतात. नळी पुन्हा पुन्हा वापरता येते. धूर नाही, राख नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टुडिओसाठी मोठे फ्लॅश बनवणाऱ्या कंपन्या युरोपात उभ्या राहिल्या. स्वित्झर्लंडमध्ये ब्रॉनकलर आणि १९६२ पासून एलिंक्रोम, इंग्लंडात बोवेन्स, स्वीडनमध्ये १९६८ पासून प्रोफोटो, ही त्यांतली ठळक नावे. हजारो ज्यूलचा एक जड पेटारा जमिनीवर आणि त्यातून निघालेल्या केबलींच्या टोकांना दोन-तीन दिवे, अशी एक मांडणी असे. प्रत्येक दिव्याच्या पोटात त्याचा स्वतःचा कपॅसिटर, ही दुसरी. आपल्याकडील स्टुडिओंत दुसरा प्रकार अधिक रुळला. छत्री, पांढऱ्या कापडाचा सॉफ्टबॉक्स आणि काळ्या चाकाच्या तिकाटण्यावरचा दिवा हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे.

या दिव्यांचे आणि कॅमेऱ्याचे नाते फार तुटपुंजे होते. दोहोंना जोडणारी एकच तार असे आणि ती ज्या वाटोळ्या छिद्रात बसे त्याला पी.सी. सॉकेट म्हणत. अनेकांना ही अक्षरे संगणकाची वाटतात. वस्तुतः प्राँटर आणि कंपुर या दोन जर्मन शटरांच्या नावांची ती आद्याक्षरे आहेत. या तारेतून कॅमेरा दिव्याला एकच शब्द सांगू शके, तो म्हणजे ‘आता’. शटर पूर्ण उघडले की दोन टोके जुळत आणि फ्लॅश उडे. किती प्रकाश सोड, हे सांगण्याची सोय तारेत नव्हती; किती पडला, हे परत कळवण्याचीही नव्हती. किंबहुना जुन्या दिव्यांच्या तारेत दोनशे व्होल्टहून अधिक दाब असे, त्यामुळे पुढे नाजूक इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आल्यावर अशी तार जोडणेही धोक्याचे ठरले.

मग मोजमाप कोण करी? ते काम हातातल्या मीटरचे. येथे डॉन नॉरवुड या अमेरिकी गृहस्थाचे ऋण मान्य केले पाहिजे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी प्रकाशमापकावर अर्ध्या चेंडूसारखा पांढरा घुमट बसवला. माणसाचा चेहरा सपाट नसतो, त्याला गाल, कपाळ, हनुवटी असते. समोरून आणि बाजूंनी येणारा प्रकाश त्यावर जसा पडतो तसाच तो घुमटावर पडतो. हा मापक माणसाच्या चेहऱ्यापाशी धरावयाचा आणि घुमट कॅमेऱ्याकडे वळवावयाचा. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश तो मोजतो. चेहऱ्यावरून परतणारा नव्हे. जपानच्या सेकॉनिक कंपनीने हीच रचना पुढे चालवली आणि फ्लॅशचा क्षणिक उजेड पकडणारे मीटर निघाल्यावर तो स्टुडिओचा आधार झाला. सहायकाने मीटर धरावा, दिवा उडवावा, आकडा वाचावा, छिद्र लावावे. शंका असल्यास पोलरॉइडची एक चाचणी प्रत काढून पाहावी. या पद्धतीत वेळ जाई, पण तिच्यामुळे छायाचित्रकाराला समोरच्या माणसाजवळ जाऊन त्याच्या चेहऱ्याशी हात न्यावा लागे.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. घरगुती आणि वृत्तपत्री छायाचित्रकाराला अंतर मोजून भागाकार करण्याची सवड नसे. त्याच्यासाठी १९६५ मध्ये अमेरिकेत हनीवेल कंपनीने स्वयंचलित फ्लॅश आणला. फ्लॅशच्या तोंडावर एक लहानसा डोळा असे. समोरून परतणारा उजेड तो मोजी आणि पुरेसा झाला की नळीतला प्रवाह तोडी. आरंभी उरलेली वीज दुसऱ्या नळीत वाया जाई; थायरिस्टर आल्यावर ती टाकीतच राहू लागली आणि फ्लॅश लवकर तयार होऊ लागला. पण हा डोळा फ्लॅशवर होता. भिंगातून काय दिसते, भिंगावर कोणती काच चढवली आहे, हे त्याला कळण्याची सोय नव्हती.

ते कोडे ऑलिंपस कंपनीच्या ओ.एम.-२ या कॅमेऱ्याने १९७५ मध्ये सोडवले. योशिहिसा मैतानी हे या मालिकेचे शिल्पकार. शटर उघडून फिल्मवर प्रकाश पडत असतानाच फिल्मवरून परावर्तित झालेला उजेड कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेला डोळा मोजी आणि पुरे झाले की फ्लॅशला ‘थांब’ म्हणून सांगे. हे सारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. भिंगातून आत आलेला प्रकाश मोजावयाचा, म्हणून या पद्धतीला टी.टी.एल. हे नाव पडले. तारेत आता दुसरा शब्द आला होता. कॅमेरा केवळ ‘आता’ न म्हणता ‘बस्स’ असेही म्हणू लागला. पुढील दहा-पंधरा वर्षांत बहुतेक जपानी कंपन्यांनी ही पद्धत उचलली.

स्टुडिओचे मोठे दिवे मात्र यापासून दूरच राहिले. लहान फ्लॅशमधला प्रवाह ऐन मध्यात तोडणे सोपे; हजारो ज्यूलच्या पेटाऱ्यातला प्रवाह तोडणे त्या काळच्या साधनांना झेपणारे नव्हते. तेथे शक्ती कमी-जास्त करावयाची ती कपॅसिटरांची संख्या किंवा त्यांतील दाब बदलून, म्हणजे आधीच ठरवून. शिवाय प्रत्येक कॅमेरा कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी आणि गुप्त. त्यामुळे एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. लग्नमंडपात कॅमेरा हुकूम सोडी. स्टुडिओत मनुष्य मीटर धरून हिशेब करी.

या दोन राज्यांतील फरक केवळ सोयीचा नव्हता. परतणारा प्रकाश मोजणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक गृहीतक धरावे लागते. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे ते मानते. व्यवहारात पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारा करडा पुठ्ठा या सरासरीचे प्रमाण म्हणून वापरतात. आता पांढरे शुभ्र कापड ८०-९० टक्के उजेड परत पाठवते आणि काळी मखमल अगदीच थोडा. युरोपीय गोरी त्वचा करड्या पुठ्ठ्याच्या साधारण दुप्पट उजेड परतवते. उन्हात रापलेली आपली त्वचा पुष्कळच कमी. यंत्राला यातले काहीच ठाऊक नसते. जास्त उजेड परत आला की ‘फार झाले’ असे समजून ते हात आखडते. कमी आला की सढळ होते.

याचा प्रत्यय आम्हांला सेवाकाळात आला. नव्वदच्या दशकात माळव्यातील एका तालुक्यात ओळखपत्रांसाठी छायाचित्रे काढण्याची शिबिरे भरत. ठेकेदाराचा मनुष्य शाळेच्या ओसरीत पांढरी चादर ताणून तिच्यासमोर एकेकाला बसवी आणि स्वयंचलित फ्लॅशने चित्र घेई. प्रती आल्या तेव्हा चादर करडी आणि चेहरे काळे. चौकटीचा बराचसा भाग चादरीने व्यापलेला. तिच्यावरून परतलेल्या उजेडाने फ्लॅशचा डोळा दिपला आणि त्याने हात आखडला. शेतात राबणाऱ्या बायकांची तर नाक-डोळ्यांची ठेवणही कळेना. अशा चित्रांवर माणूस ओळखला जात नाही आणि माणूस ओळखला गेला नाही की त्याचे कामही होत नाही. एका वृद्धेला याच कारणासाठी तीन वेळा शिबिरास यावे लागले. अखेर तालुक्याच्या गावातील एका वयस्क स्टुडिओवाल्यास बोलावणे धाडले. त्याने फ्लॅशची स्वयंचलित कळ बंद केली, खुर्चीपासून कॅमेऱ्यापर्यंत दोरी ताणून अंतर कायम केले, गाइड नंबरवरून छिद्र लावले आणि सावळ्या चेहऱ्यांसाठी ते अर्ध्या घराने आणखी उघडले. पुढचे सारे चेहरे नीट आले. यंत्र बिघडलेले नव्हते. त्याला सांगितले होते तेच ते इमानाने करीत होते. माणूस कसा असावा, याविषयी त्याच्या पोटात घातलेला अंदाज या माणसांना लागू नव्हता, इतकेच.

हा अंदाज दुसऱ्या एका बाबतीतही दिसून येतो. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून छपाईच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी गोऱ्या स्त्रीचे एक प्रमाणचित्र पाठवीत असे आणि ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिची त्वचा बरोबर आली म्हणजे रंग बरोबर. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड तयार होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. प्रमाण ठरवताना जो समोर नसतो, त्याच्या वाट्याला काय येते याचे हे उदाहरण आहे.

इकडे स्टुडिओचा फ्लॅश कॅमेऱ्याच्या आतूनच मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. १९९० मध्ये आलेल्या काँटॅक्स आर.टी.एस.-३ या कॅमेऱ्यात फिल्म न उघडता दिवे एकदा उडवून पाहण्याची सोय होती. भिंगातून दिसणाऱ्या दृश्याच्या मध्यावरील एका लहान वर्तुळापुरताच प्रकाश तो मोजी आणि लावलेल्या छिद्राला तो कितपत कमी वा जास्त, हे दृश्यदर्शकात दाखवी. १९९६ च्या लायका आर-८ मध्येही अशीच सोय होती. दिवे कोणत्याही कंपनीचे असोत, एका तारेवर हे जमे. या दोन कॅमेऱ्यांचे विशेष कौतुक आम्हांला अशासाठी वाटते की ते मोजत, पण हुकूम देत नसत. ते परतणाराच प्रकाश मोजत हे खरे; परंतु चौकटीतला नेमका कोणता भाग मोजावयाचा आणि आलेल्या आकड्याचे काय करावयाचे, हे छायाचित्रकार ठरवी. गालावर वर्तुळ टेकवावे, आकडा वाचावा, हा गाल करड्याहून उजळ की गडद हे आपल्या मनाशी ठरवावे आणि छिद्र फिरवावे. क्योसेरा कंपनीने कॅमेऱ्यांचा धंदा २००५ मध्ये आवरला, लायकाची आर मालिका २००९ मध्ये संपली आणि ही मधली वाट तेथेच राहिली.

तोवर फिल्मच मागे पडू लागली होती. डिजिटल संवेदकाचा पृष्ठभाग फिल्मसारखा उजेड परतवीत नाही, त्यामुळे ओ.एम.-२ ची युक्ती तेथे चालेना. तिच्या जागी पूर्वफ्लॅशची पद्धत आली. चित्र घेण्यापूर्वी निमिषभर आधी कॅमेरा एक मंद चमक सोडतो, परतलेला उजेड निरनिराळ्या कप्प्यांत मोजतो, हिशेब करतो आणि मुख्य फ्लॅशला किती शक्तीने उडावयाचे ते कळवतो. कॅननने १९९५ मध्ये फिल्मच्या कॅमेऱ्यातच ही रीत ई-टी.टी.एल. नावाने आणली होती, निकॉनची आय-टी.टी.एल. २००३ मध्ये आणि कॅननची सुधारलेली दुसरी आवृत्ती २००४ मध्ये आली. या नव्या हिशेबात कॅमेरा चमकेपूर्वीचा आणि चमकेच्या वेळचा उजेड ताडून पाहतो आणि आरसा किंवा काच यांसारखा एकाएकी लखलखणारा कप्पा बाजूस ठेवतो. ओळखपत्राच्या शिबिरातील फ्लॅशपेक्षा ही समज खचितच मोठी होती.

स्टुडिओत मात्र या पूर्वफ्लॅशने आरंभी गोंधळ उडवला. मोठ्या दिव्यांवर स्लेव्ह नावाचा डोळा असतो. दुसरा फ्लॅश उडालेला दिसला की तोही आपला दिवा उडवतो. कॅमेऱ्यावरील फ्लॅशची पहिली मंद चमक पाहूनच हे सारे दिवे उडून मोकळे होत आणि शटर उघडे तेव्हा टाक्या रिकाम्या. चित्र काळे. नवा डिजिटल कॅमेरा घेतलेल्या कित्येक स्टुडिओवाल्यांनी त्या काळी दिवा बिघडला म्हणून कारागिराकडे खेपा घातल्या.

मेळ बसला तो रेडिओच्या मार्गाने. २००९ मध्ये पॉकेटविझार्ड या अमेरिकी कंपनीने कॅमेरा आणि फ्लॅश यांची आपसातील भाषा ओळखून ती रेडिओवरून पाठवणारी यंत्रे बाजारात आणली. त्याच सुमारास मोठा प्रवाह ऐन मध्यात तोडू शकणारे अर्धवाहक स्विच स्टुडिओच्या दिव्यांत येऊ लागले. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि २०१३ मध्ये प्रोफोटोने बी-१ हा बॅटरीवर चालणारा ५०० ज्यूलचा दिवा काढला, ज्याला कॅमेऱ्याकडून टी.टी.एल.चा हुकूम थेट घेता येई. २०१६ मध्ये चीनच्या गोडॉक्स कंपनीने ६०० ज्यूलचा तसाच दिवा पुष्कळ स्वस्तात दिला आणि ही सोय लहान गावातील स्टुडिओच्याही आवाक्यात आली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, बोवेन्ससारखे जुने घराणे बंद पडले. आज कॅमेऱ्याच्या डोक्यावर काडेपेटीहून थोडी मोठी डबी बसते आणि तिच्यावरून खोलीतील प्रत्येक दिव्याची शक्ती जागेवरून न उठता बदलता येते. मोजणेही तेथूनच आणि हुकूमही तेथूनच.

या बदलाने पुष्कळ भले झाले, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. हलत्या-धावत्या मुलाचे चित्र, मंडपातील क्षणोक्षणी बदलणारे अंतर, एकट्याने काम करणाऱ्या छायाचित्रकाराची धावपळ, या सर्वांना टी.टी.एल.ने मोठा आधार दिला. पूर्वी दहा वर्षांच्या उमेदवारीने जे साधे, ते आज नवख्यालाही बऱ्यापैकी साधते. अलीकडचे कॅमेरे चौकटीतील चेहरा ओळखून त्याकडे अधिक लक्ष पुरवतात, हीही जमेची बाजू. तथापि चेहरा कोठे आहे हे कळणे वेगळे आणि तो मुळात किती सावळा आहे हे कळणे वेगळे. परतणाऱ्या उजेडावरून या दोहोंचा निवाडा होत नाही. चेहऱ्यावर कमी प्रकाश पडला म्हणून कमी परतला, की त्वचा सावळी आहे म्हणून कमी परतला, हे केवळ परतीचा आकडा पाहून सांगता येत नाही. त्यासाठी पडणारा प्रकाश मोजावा लागतो, किंवा समोरच्या माणसाकडे डोळे उघडून पाहावे लागते.

आमची उभी हयात सरकारी टेबलामागे गेली, म्हणून त्याच भाषेत सांगतो. कनिष्ठाने टिपण तयार करावे आणि वरिष्ठाने ते वाचून सही करावी, ही कारभाराची रीत आहे. टिपण चांगले असते तेव्हा वेळ वाचतो. परंतु न वाचता सही करण्याची सवय जडली की निर्णय टिपण लिहिणाराच घेऊ लागतो आणि जबाबदारी मात्र कोणाचीच उरत नाही. कॅमेऱ्याचे टी.टी.एल. हे असेच एक टिपण आहे. त्यावर शेरा मारण्याची सोय कंपन्यांनी ठेवलेली आहे. फ्लॅशचा प्रकाश ठरावीक प्रमाणात वाढवण्या-घटवण्याची कळ आहे. एकदा नीट आलेला आकडा पक्का करून ठेवण्याची सोय आहे. कॅमेऱ्याने सुचवलेली शक्ती हाती चालवण्याच्या पद्धतीत उतरवून घेण्याची युक्तीही कित्येक दिव्यांत आहे. जाणते छायाचित्रकार असेच करतात. पहिला अंदाज यंत्राकडून घेतात, पडद्यावर चित्र आणि उजेडाचा आलेख पाहतात, सुधारणा करतात आणि मग दिवे त्या ठिकाणी कायम करतात. काहींच्या खिशात पांढऱ्या घुमटाचा मीटर आजही असतो. साधने सारी हाताशी आहेत. ती वापरण्याची तसदी घेतली जाते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या घरांतून मंगलकार्याच्या निमित्ताने कुटुंबाचे एकत्र छायाचित्र काढण्याची प्रथा अजून टिकून आहे. त्यात पांढऱ्या शुभ्र धोतरातील सावळे आजोबा असतात, जरीच्या शालूतील गोरी सून असते, काळ्या कोटातील नवरदेव असतो. यंत्राला या सर्वांची मिळून एकच सरासरी दिसते आणि त्या सरासरीत सहसा आजोबांचाच चेहरा हरवतो. पन्नास वर्षांनी अल्बम उघडणाऱ्या नातवंडांना जरीचा पदर लख्ख दिसेल आणि आजोबांच्या जागी पगडीखाली सावली दिसेल, तर ती हानी भरून येण्यासारखी नाही. कारण संगणकावर चित्र उजळता येते, पण जो तपशील मुळातच टिपला गेला नाही तो आणता येत नाही. तेव्हा छायाचित्रकारास बोलावताना आपण एवढे अवश्य सांगावे की, बाबा रे, आधी आजोबांच्या चेहऱ्यापाशी जाऊन प्रकाश मोज आणि मग सर्वांना उभे कर. यास दोन मिनिटे लागतात, आणि ज्याला आपले काम येते तो या सूचनेने रागावत नाही.